आधी पाणी, मग गाडी

घरपोच साफसफाईचा धंदा आता बारामती-इंदापूरकडेही दिसू लागला आहे. पूर्वी चारचाकी वॉशिंग सेंटरवर न्यावी लागे, आता वॉशिंग सेंटरच दारात येतं. सोफा, गाद्या, गालिचे, गच्चीवरची पाण्याची टाकी, सोलर पॅनेल, गोठा, पोल्ट्रीची शेड, अशी कितीतरी कामं या धंद्यात येतात. आमच्याकडे शिकून गेलेली मुलं अधूनमधून भेटायला येतात. कुणी आयटीआय केलेलं असतं, कुणी बारावीनंतर चार वर्षं एमआयडीसीत ठेकेदाराकडे काढलेली असतात. स्वतःचं काहीतरी करावं अशी त्यांची इच्छा असते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आपे घेऊ की छोटा हत्ती? नवी घेऊ की जुनी?"

आम्ही त्यांना उलट विचारतो, "रोज पाणी किती न्यायचं आहे?" हा हिशेब बहुतेकांनी केलेलाच नसतो. गाडीचा रंग ठरलेला असतो, मागे लिहायचं नाव ठरलेलं असतं, हप्ताही विचारून झालेला असतो. पाण्याचं माप तेवढं राहून गेलेलं असतं. म्हणून हा लेख.

विषय गाडीचा वाटला तरी खरा प्रश्न घराचा आहे. अशा धंद्यात जाणारा पैसा बहुधा अब्बांच्या फंडाचा असतो, अम्मीच्या बांगड्यांचा असतो किंवा बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेला असतो. गाडी चुकली तर ती विकून निम्मेही पैसे हातात येत नाहीत, आणि घरात मात्र पुढची कित्येक वर्षं त्या गाडीचं नाव निघत राहतं. तेव्हा शोरूमच्या पायऱ्या चढण्याआधी घरी बसून करायचा हिशेब इथे मांडत आहोत.

पखालीचा धडा

पाणी वाहून नेऊन पोट भरणं आपल्या समाजाला नवं नाही. नळ येण्यापूर्वी गावोगावी भिश्ती आणि पखाली होते. भिश्त्याच्या पाठीवर बकऱ्याच्या कातड्याची मशक असे, पखाल्याच्या बैलावर किंवा हाल्यावर चामड्याची मोठी पखाल असे. मशकीत किती पाणी भरायचं हे भिश्त्याच्या पाठीला कळत होतं. जास्त भरलं तर पाऊल उचलत नसे, कमी भरलं तर खेप परवडत नसे. आज इंजिन आल्यामुळे पाठीला काही कळत नाही. कळतं ते गाडीच्या पाट्यांना, टायरला आणि ब्रेकला, आणि तेही उशिरा.

मराठीत म्हण आहे, दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. या धंद्यात नेमकं तसंच होतं. पाण्याचा हिशेब चुकलेला असतो आणि माणूस गाडी बदलत बसतो.

कोणत्या कामाला किती पाणी?

साफसफाईची सगळी कामं एका मापाची नसतात. एकेक पाहू.

चारचाकी धुणं: घरगुती वापराच्या प्रेशर मशीनमधून मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी जातं. एक मध्यम गाडी धुताना बंदुकीचा घोडा दाबलेला वेळ मोजला तर तो दहा मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे एका गाडीला ७० ते ८० लिटर, आणि पाच गाड्यांना सुमारे ४०० लिटर. पण दुपारी जेवायला घरी येऊन टाकी पुन्हा भरली तर एका वेळी २०० लिटरवर भागतं.

सोफा, गाद्या, गालिचे: इथे पाणी फारच कमी लागतं. पाणी मारून लगेच ओढून घेणारं व्हॅक्यूम मशीन असलं की दहा-वीस लिटरमध्ये एका घराचं काम होतं, आणि ते पाणी त्याच घरात मिळतं. मशिदीतल्या सफा आणि गालिच्यांचं कामही याच प्रकारचं. रमजानच्या आधीच्या महिन्यात हे काम हमखास निघतं.

पाण्याची टाकी आणि वुजूचा हौज: इथे आपण पाणी न्यायचंच नसतं. टाकीत असलेल्या शेवटच्या हातभर पाण्यातच ती धुवायची असते. लागतो तो गाळ ओढणारा पंप, प्रेशर मशीन, ब्रश आणि शिडी.

सोलर पॅनेल: पाणी मध्यम लागतं, पण ते मऊ लागतं. आपल्या भागातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. ते काचेवर वाळलं की पांढरे डाग राहतात, आणि हेच चारचाकीच्या काचांचंही होतं. म्हणून अशा कामाला बोअरऐवजी गाळलेलं मऊ पाणी न्यावं. पॅनेल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवावेत. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

गोठा, पोल्ट्री, ट्रॅक्टर: पाणी भरपूर लागतं, पण शेतकऱ्याची विहीर, शेततळं किंवा हौद तिथेच असतो. आपण न्यायचा तो पंप आणि लांब पाइप.

या यादीवरून एक गोष्ट लक्षात येते. निम्म्याहून अधिक कामांत पाणी गिऱ्हाइकाकडेच असतं. गाडीत वाहायचं असतं ते मशीन. स्वतःचं पाणी लागतं ते मुख्यतः चारचाकीच्या आणि सोलरच्या कामाला, आणि तेही दोनशे-अडीचशे लिटर. तरीही पाहिलेल्या व्हिडिओवरून हजार लिटरची टाकी मनात बसते आणि तिच्यासाठी पिकअप घेतली जाते.

वुजूसाठी पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद, म्हणजे दोन्ही ओंजळी भरून होईल एवढं, लिटरपेक्षाही कमी पाणी वापरत, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. नीरेच्या कालव्यावर आणि उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या तालुक्यांना, त्यातही इंदापूरच्या कोरड्या पट्ट्याला, ती शिकवण धंद्यातही उपयोगी आहे. कमी पाण्यात काम करणाऱ्याची गाडी लहान असते, डिझेल कमी जळतं आणि उन्हाळ्यात धंदा बंद पडत नाही.

आरसी बुकावरची वजाबाकी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचवीच्या मुलालाही हे ठाऊक असतं, पण गाडी घेताना मोठी माणसं ते विसरतात. पाचशे लिटरची टाकी भरली म्हणजे गाडीत सिमेंटची दहा पोती ठेवली.

गाडी किती वजन उचलेल हे विक्रेत्याला विचारू नका, आरसी बुकावर पाहा. तिथे दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा. जे उरेल त्यात पाणी, टाकी, मशीन, चालक, सगळं बसलं पाहिजे. समजा एका तीनचाकीचं कमाल वजन ९७५ किलो आणि रिकामं वजन ४७५ किलो आहे. उरले ५००. आता आपलं सामान मांडू: पाणी २००, टाकी १५, प्रेशर मशीन ३५, इंजिन किंवा जनरेटर ४५, पाइप-वायर-बादल्या-साबण ३०, चालक ६५. बेरीज ३९०. म्हणजे बसलं, वर ११० किलो शिल्लक. त्याच गाडीत पाणी पाचशे लिटर घेतलं तर बेरीज ६९० होते, म्हणजे जवळपास दोनशे किलो जादा. अशी गाडी चालतेच नाही असं नाही. चालते, पण उतारावर थांबत नाही.

चार पायऱ्या

पहिली पायरी मोटरसायकल. सोफा, गाद्या आणि टाकी सफाईने सुरुवात करणाऱ्याला चारचाकीची गरजच नाही. मागे दोन्ही बाजूंना पेट्या, व्हॅक्यूम मशीन घट्ट बांधलेलं, पाणी आणि वीज गिऱ्हाइकाची. सहा महिने असं काम केलं की कोणत्या भागात मागणी आहे, लोक किती पैसे देतात आणि पैसे कोण बुडवतं, हे सगळं कळतं. हे कळण्याआधी घेतलेली गाडी म्हणजे अंधारात मारलेला दगड.

दुसरी पायरी आपे. ही गाडी आपल्याच बारामतीची. एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात ती तयार होते. त्याच कंपनीची व्हेस्पा स्कूटर २०१२ पासून बारामतीतूनच निघते. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. दुसऱ्या महायुद्धात इटली होरपळून निघाला होता, लोकांकडे ट्रक घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा कोराडिनो द'अस्कानिओ या अभियंत्याने स्कूटरच्या मागे दोन चाकं आणि हौदा जोडून १९४८ मध्ये ही गाडी बनवली, आणि भाजीवाले, दूधवाले, कारागीर तिच्यावर आपला माल नेऊ लागले. मोठी गाडी परवडत नाही पण पाठीवरचं ओझं उतरवायचं आहे, अशा माणसासाठीच ती जन्मली.

आपल्या धंद्याला आपेचे फायदे स्पष्ट आहेत. जुन्या बारामतीच्या बोळात ती शिरते, सुटे भाग जवळ मिळतात, मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. मर्यादाही ओळखा. बहुतेक मालवाहू तीनचाकींत कागदोपत्री बसण्याची जागा फक्त चालकाची असते. सोबतीचा मुलगा शेजारी कोंबून बसवला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. त्याला वेगळ्या दुचाकीवर पाठवा. दुसरं, पुढे एकच चाक असल्यामुळे वळणावर भरलेली आपे कलंडू शकते.

विजेवर चालणाऱ्या मालवाहू आपेचाही विचार करावा. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ती स्वस्त पडते. पण बारामतीहून इंदापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन येऊन शंभरचा आकडा होतो. कंपनीच्या कागदावरचं अंतर आणि पाणी भरलेल्या गाडीचं अंतर यांत फरक पडतो. इंदापूरची कामं घेणाऱ्याने हे धरूनच निर्णय घ्यावा.

तिसरी पायरी छोटा हत्ती किंवा त्या जातीच्या लहान चारचाकी. टाटांनी २००५ मध्ये ही गाडी आणली आणि गावोगावी तीनचाकी चालवणारे चारचाकीवर आले. पाऊण टनाच्या आसपास वजन, दोन माणसांची जागा, महामार्गावर जास्त स्थिर. ज्याला काटेवाडी, भवानीनगर, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरपर्यंत रोज जायचं आहे आणि चारशे लिटर पाणी लागतंच, त्याने ही घ्यावी.

चौथी पायरी पिकअप. कारखान्यांची शेड, दूध संघांचे टँकर, मोठे सोलर प्रकल्प अशी वर्षाच्या कराराची कामं हातात लेखी असतील तरच. करार नसताना पिकअप घेणं म्हणजे आधी मांडव आणि मग नवरीचा शोध.

मालवाहू गाडी पिवळ्या पाटीवर, म्हणजे व्यावसायिक नोंदणीतच घ्या. बारामतीचं आरटीओ कार्यालय एमएच ४२ या क्रमांकाचं आहे. भरून ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मात्र वेळेवर पासिंग आणि विमा लागतोच. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

टाकी कशी बसवावी

घराच्या गच्चीवरची उभी गोल टाकी गाडीत ठेवू नका. ती उंच असते, तिचं वजन वर राहतं. गाडीसाठी बुटकी आणि पसरट टाकी लागते. ती मागच्या चाकांच्या दांडीच्या किंचित पुढे, हौद्याच्या मधोमध यावी. अगदी मागे ठेवली तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात राहत नाही.

सगळ्यात धोकादायक असते ती अर्धी भरलेली टाकी. ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढे धावतं, वळलं की बाजूला लोटतं, आणि गाडी आपल्या मनाने जाते. म्हणून टाकीत आडवे पडदे असावेत, ज्यांच्या भोकांतून पाणी हळूहळू सरकतं. मोठ्या एका टाकीऐवजी शंभर लिटरच्या दोन टाक्या घेऊन एक पूर्ण रिकामी झाल्यावर दुसरी उघडली, तरी हाच फायदा होतो. ऊस चालू असतानाच्या दिवसांत हे आणखी महत्त्वाचं. संध्याकाळी कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उभे असतात, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो. तिथे अचानक ब्रेक दाबायची वेळ केव्हाही येते.

टाकी, पंप, जनरेटर लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टने बसवा, काढता येतील असे. चेसीला वेल्डिंग करू नका. बॉडीत बदल करायचाच असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय केलेला बदल पासिंगला अडतो आणि विम्यालाही अडतो.

पंप आणि वीज

द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात राहण्याचा एक फायदा आपल्याला आहे. फवारणीचा एचटीपी पंप इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्याचे सील, वॉशर, पिस्टन निमगाव केतकीतही मिळतात आणि दुरुस्ती करणारा मिस्त्रीही सापडतो. त्याचा दाब बाजारातल्या मोठ्या वॉशिंग मशीनपेक्षा कमी, पण पाण्याची धार मोठी. गोठा, ट्रॅक्टर, पोल्ट्री यांना तो पुरतो आणि इंजिनवर चालत असल्याने वीज गेली तरी काम थांबत नाही. एकच पथ्य कडक पाळा: औषध फवारलेला जुना पंप आणि त्याचा पाइप पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कधीही लावू नका. कितीही धुतला तरी नाही.

विजेवरचं प्रेशर मशीन दीड-दोन किलोवॅट खातं. ते दिवा-पंख्याच्या लहान प्लगला लावू नका. गीझरचा सोळा अँपियरचा प्लग मागा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तीन तारांची हवी. वायरची रीळ पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर तापते. ओल्या जागेत काम असल्याने गळती झाली की लगेच वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी आपल्या पेटीत कायमचा बसवून घ्या. त्याची किंमत एका दिवसाच्या कमाईएवढी असेल, पण जीव त्याच्यावर वाचतो.

जिथे जीव जातो

पाण्याच्या टाकीत उतरताना पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर आत किंवा तोंडाजवळ ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस झोप लागल्यासारखा पडतो. झाकण उघडून हवा खेळू द्या, कमरेला दोर बांधा, वर एक माणूस सतत उभा ठेवा. आतला पडला तर वरच्याने उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो, असं फार वेळा घडलं आहे.

संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. गाडीत दोन्ही वेगवेगळ्या पेट्यांत ठेवा.

सेप्टिक टँकचं काम मात्र या गाडीने करूच नये. त्याची मैला ओढणारी गाडी वेगळी असते. पिण्याच्या टाकीची अवजारं आणि मैल्याची अवजारं एका गाडीत ठेवणं अमानतीत खयानत आहे. आणि पैसे जास्त मिळतात म्हणून माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंत कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. त्या तीस लाखांनी कुणाचे अब्बा परत येत नाहीत.

एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना गमबूट आणि चाकं जंतुनाशकाने धुवा. लाळ्या-खुरकूत माणसाच्या बुटावरूनही पसरतो. साबणाचं पाणी कालव्यात किंवा चारीत सोडू नका. पुढच्या गावात तेच पाणी गुरं पितात.

हप्ता आणि बरकत

आता पैशाचा हिशेब. समजा एका गाडी धुण्याचे ३०० रुपये मिळाले, त्यात साबण-पेट्रोलचे ९० गेले. उरले २१०. महिन्याला हप्ता ९,०००, विमा-पासिंग-दुरुस्तीसाठी बाजूला ३,०००, सोबतीच्या मुलाचा पगार १२,०००, एकूण २४,०००. भागाकार केला तर ११५ गाड्या धुतल्यावर खर्च निघतो. सव्वीस दिवसांत रोज साडेचार. स्वतःच्या घरात पहिला रुपया येतो तो पाचव्या गाडीला. हप्ता नसेल तर तोच आकडा महिन्याला ७२ होतो, म्हणजे रोज तीनपेक्षा कमी. पावसाळ्यात लोक गाडी धुवून घेत नाहीत, तेव्हाही हप्ता थांबत नाही, हे वेगळंच.

म्हणून जुनी पण चांगली, कागद साफ असलेली गाडी रोखीने घेणं बहुतेकांना सोयीचं. आपल्यातल्या अनेक घरांना व्याजाचं कर्ज नको असतं. त्यांनी घरातल्या भिशीचा, नातेवाइकांच्या कर्ज-ए-हसनाचा किंवा भागीदारीचा मार्ग धरावा. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याची वाटणी आधी ठरलेली. पण भाऊ आहे, मामू आहे म्हणून तोंडी ठेवू नका. सूरह बकरातली २८२ वी आयत ही कुरआनातली सगळ्यात लांब आयत, आणि ती उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याबद्दलच आहे. नफ्याबरोबर तोटा कोण किती सोसणार हेही त्या कागदावर असू द्या.

बँकेकडे जाणाऱ्यांसाठी मुद्रा योजना आहे: शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प घेता येतो, आणि अल्पसंख्याक व महिला अर्जदारांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

इंदापूरची आणि बारामतीची कामं एकाच दिवशी घेऊन पन्नास-पन्नास किलोमीटर रिकामी गाडी पळवू नका. आठवड्यातले दोन दिवस इंदापूरचे ठरवून टाका आणि गिऱ्हाइकांना तेच सांगा. वाटेतल्या गावांची कामं त्याच दिवशी जोडा. डिझेल वाचतं ते इथे.

दुसऱ्याच्या घरात पाऊल

हा धंदा दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आतला आहे. गादीखाली कानातलं सापडतं, सोफ्याच्या फटीत नोटा सापडतात. सापडलेली वस्तू हातात घेण्याआधी घरमालकाला हाक मारा. घरात फक्त बायका असतील तर आधी फोन करून त्यांच्या सोयीची वेळ घ्या. अशा घरांसाठी आपल्या घरातल्या स्त्रियांनीच सोफा-गालिच्याचं काम घेतलं तर ते जास्त चांगलं. मशीन जड नसतं, काम शिकायला आठवडा लागतो, आणि अनेक घरं त्यांनाच आधी बोलावतील. धंद्याची वही तर घरातल्या बाजीकडे किंवा सुनेकडेच असावी. रोजचे लिटर, किलोमीटर आणि रुपये, तीन रकाने पुरेत.

गाडी बघायला जाण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर सहा उत्तरं लिहावीत. पहिल्या वर्षी कोणती दोनच कामं करणार? त्यांना रोज किती लिटर पाणी सोबत न्यावं लागेल? सगळ्या सामानाची किलोत बेरीज किती? रोज किती किलोमीटर? हप्ता किती, आणि पावसाळ्यात तो कशातून भरणार? टाकीत उतरणाऱ्याचा दोर वर कोण धरणार? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या माणसाचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. ते नाव लिहिता येत नसेल, तर तोवर सोफ्याचंच काम करावं.